खिशाचे चार टाके

तीर्थरूप ताईच्या चरणी धाकट्याचा नमस्कार. नमस्कार बसूनच करतो आहे, कारण कंबर एकदा वाकली की सरळ व्हायला फार भाव खाते. तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? (घालत नसशील. तू दुसऱ्यांनाच घालायला लावतेस.) इकडे सगळं ठीक आहे. मुलीची आई बरी आहे, तुझी भाची बरी आहे, आणि माझं म्हणशील तर तीन दिवस घास घशाखाली उतरत नाही.

कारण असं, की माझ्यासमोर शिलाई मशीनवर पंचांचा एक कागद पडला आहे. त्यात छापलंय की सायकलपटूचा बाप मार्गावर हजर होता असं कळतं, तरी त्याने लिहून द्यावं : मी मदत केली, किंवा केली नाही. नको ते खोडायचं, सही करायची, सोमवारपर्यंत पाठवायचं. ही सही पोचल्याशिवाय तिचा विक्रम पक्का होत नाही. नऊ वर्षं कुणालाही न मोडता आलेला विक्रम, ताई, आणि तो माझ्या सहीपाशी येऊन अडलाय. सातवीत दोनदा बसलेल्या माणसाच्या सहीपाशी.

पोरगी कॉलेजला तुझ्याकडे होती, तू तिला सायकल घेऊन दिलीस आणि तिथूनच हे खूळ लागलं, म्हणून मी तुला कधी बोल लावला नाही. (तिची आई लावते.) दवाखान्यात रक्त तपासायची सरळ नोकरी. रविवारी दोनशे किलोमीटर जाऊन येते म्हणाली, मी म्हटलं जा. मग सहाशे झाले, बाराशे झाले. दोन विक्रम केले, त्यात पायाची तीन नखं गेली, खांद्याचं हाड मोडलं. बस थांब्याच्या बाकावर झोपते, पंधरा मिनिटांचा गजर लावून. पेपरात फोटो आला की शेजारी पेढे मागायला येतात आणि मी आत जाऊन फोटोत तिचा उजवा हात सुजलाय का ते भिंगातून बघतो.

या खेपेला सहा दिवसांचा पल्ला होता आणि नियम होता एकटीने जायचा. घरच्यांनी घोटभर पाणीसुद्धा द्यायचं नाही. दुकानातून विकत घेतलेलं चालतं, पण ते दुकान सगळ्यांना उघडं असलं पाहिजे. हे मी तीनदा वाचलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मीच दुकान टाकलं तर? शेवटचे सव्वातीनशे किलोमीटर उरतात तिथे हमरस्त्यालगत एक पंक्चरवाला आहे. त्याच्या शेजारी स्टोव्ह, बाकडं, चहा, उकडलेली अंडी आणि सहा डझन केळी घेऊन मी दोन दिवस आधीच जाऊन बसलो. पाटी लिहिली, ‘सर्वांसाठी खुले’. ताई, ती पाटी ट्रकवाल्यांनीही वाचली. तिच्या सहाव्या दिवशी दुपारपर्यंत अंडी संपली, साखर संपली, शेवटची दोन केळी एका क्लीनरने माझ्या डोळ्यांदेखत सोलली. नाही म्हणावं तर दुकान सर्वांसाठी खुलं राहत नाही.

फोनवर नकाशा दिसतो, त्यात आपली पोरगी म्हणजे एक लाल ठिपका. जुन्या विक्रमापेक्षा ती वीस मिनिटं मागे होती. आणि माझ्यापासून अकरा किलोमीटरवर ठिपका थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घरून तिच्या आईचा फोन, ठिपका का हलत नाही. मी काय सांगू, ठिपका माझ्या हातात आहे का? वीस मिनिटं. पंक्चरवाला म्हणाला, “आजोबा, माझी गाडी घ्या, जाऊन बघून या.” मी उठलो, बसलो. गेलो तर विक्रम गेला, नाही गेलो तर न जाणो काय गेलं. गाडीची किल्ली हातात घेऊन मी बाकड्याला तेरा फेऱ्या मारल्या. पन्नास मिनिटांनी ठिपका हलला. मी चौथ्या काडीला स्टोव्ह पेटवला आणि कोरा चहा ठेवला.

ती आली. कोपर खरचटलेलं, ओठ फुटलेले, पाठीवरचा खिसा फाटून लोंबत होता. (वाळूवरून घसरली होती.) माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काका, चहा मिळेल का?”

काका. मी म्हटलं, “मिळेल, पण साखर नाही.” “चालेल,” म्हणाली. पैसे दिले, मी मोजून सुटे परत केले. चहा प्यायली, गजर लावला आणि बाकड्यावर बसल्या बसल्या मान टाकून झोपली. पंक्चरवाला कुजबुजला, “ओळखीची वाटते?” मी म्हटलं, “गिऱ्हाईक आहे.”

आता जे सांगतो ते कुणालाही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं माझ्या कॉलरच्या आत दोरा ओवलेली सुई असते, तुला माहीत आहे. खिशात तिचा फोन होता, औषध होतं, दिवा होता, सगळं पडायच्या बेतात. ती जर्सी मीच शिवलेली. ताई, ती झोपली होती आणि माझ्या हाताने मला विचारलंच नाही. चार टाके घातले, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बसला होता, त्याने बघितलं नाही. गजर झाला, ती गेली. जुना विक्रमवाला त्या शेवटच्या रात्री झोपला होता, ही झोपली नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या विक्रमाच्या एक तास अकरा मिनिटं आधी पोचली.

‘केली’ खोडलं तर मी खोटारडा, ‘केली नाही’ खोडलं तर सहा दिवसांचं तिचं सगळं पाण्यात. पेन उचलतो आणि ठेवतो.

मुलीच्या आईचा तुला नमस्कार. थेंब घाल.
तुझा धाकटा

ता. क. खरं मागणं हे, की तू तिला फोन करून सांग. ती तुझं ऐकते. सांगताना तो म्हातारा आहे, त्याचा इलाज नव्हता, असं म्हण. मी घरात नसताना सांग. मी चारला भाजी आणायला जातो.

आणखी ता. क. पाकीट बंद करणार तोच ती आली, सही न केलेला कागद बघितला आणि समोर बसली. म्हणाली, “बाबा, पुढच्या थांब्यावर खिशात हात घातला आणि कळलं. तुमचा टाका मी ओळखणार नाही?” तिने तिथेच टाके उसवले, सामान जर्सीच्या आत छातीशी घेतलं आणि पोचल्यावर पंचांना सगळं सांगितलं. त्यांनी अर्ध्या तासाचा दंड लावला. तरी एकेचाळीस मिनिटं उरतात. फक्त बापाचा जबाब तिच्या जबाबाशी जुळला पाहिजे, एवढंच त्यांना बघायचं होतं. मी ‘केली नाही’ खोडलं. कधी नव्हे ती सही एका रेषेत आली.

मग म्हणाली, “टाके इतके घट्ट की उसवायला चौदा मिनिटं गेली. तुमची मदत एकूण चव्वेचाळीस मिनिटांना पडली.”

तेव्हा फोन करू नकोस, तूच ये. दोन महिन्यांनी ती याच्या दुप्पट अंतर जाणार आहे, आणि तिची अट आहे की तितके दिवस कुणीतरी माझ्यावर पहारा ठेवायचा. तिने तुझंच नाव घेतलं. सुई मी तुझ्या स्वाधीन करीन. स्टोव्ह पंक्चरवाल्याकडे आहे, तो मात्र परत मागवू नकोस, तिच्या पुढच्या वाटेवरच पडतो तो.