मानकाप्रमाणे सगळे निर्दोष

नाशुआ, न्यू हॅम्पशायर
१९ मे १९८९

प्रिय ओडीलताई,

धाकट्या ऑरेलचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? चर्चच्या पायऱ्या चढू नकोस. देव नाही तरी पाद्रीबुवा खाली येतील.

एमिल पाकेट गेला. धरणावरचा एमिल, माझ्या लग्नात तुझ्या टोपीवर बसला होता तोच. हकिगत माझ्याकडूनच कळलेली बरी.

धरणावरचा पुराचा भोंगा वाजवणारा प्रोग्राम फोरट्रान भाषेत होता. या भाषेचं मानक एका समितीने ठरवलंय (माणसं म्हातारी, कॉफी भयंकर). त्यात म्हटलंय, एखादी बेरीज पुढच्या खेपेपर्यंत लक्षात राहायला हवी असेल तर तसं स्पष्ट लिहा. नाही लिहिलंत तर काय होईल ते सांगता येत नाही. आम्ही कंपायलरवाले, म्हणजे ती भाषा यंत्राला समजावून देणारे, पडलो दिलदार. न लिहिताही सगळं लक्षात राहील अशी सोय मी आमच्या कंपायलरात केली. मानकाची हरकत नव्हती. नऊ वर्षं धरणावरच्या पावसाची बेरीज त्या सोयीवर चालली.

यंदा त्यांनी नवं यंत्र घेतलं, दुसऱ्या कंपनीच्या कंपायलरसकट. तोही मानकाला धरूनच, पण विसरभोळा. गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी एमिलचा फोन.

"ऑरेल, तीन दिवस बदाबदा ओततंय, आणि हे येडं म्हणतंय तासाभराचाच पाऊस झालाय!"

"चूक तुमच्या प्रोग्रामात आहे. मानक वाच."

"मानक वाचू की दरवाजे उघडू?"

"आधी वाच," म्हणून मी हसलो. तोही हसला.

भोंगा वाजलाच नाही. दुपारी एमिल हाताने दरवाजा उघडायला गेला. उघडला. खालचं गाव वाचलं. तो गुरुवारी सापडला, नदीकाठच्या गिरणीच्या जाळीत.

आज चौकशीत मी चाळीस मिनिटं बोललो. त्यांचा कंपायलर निर्दोष, माझा निर्दोष, मानक निर्दोष (इतके निर्दोष एका खोलीत मी प्रथमच पाहिले). एमिलची बायको कोरीन म्हणाली, "मग चुकला तो माझा एमिलच का?" मी म्हणालो, "नियमाप्रमाणे, हो."

तुझा,
ऑरेल

ता. क. मानकाबाहेरची प्रत्येक सोय कंपायलरच्या पुस्तिकेत निळ्या शाईत छापायची, म्हणजे वाचणारा सावध होतो, अशी आमची पद्धत. ही लक्षात ठेवायची सोय काळ्या शाईत आहे. 'निळी करा' असं प्रूफ वाचणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं. मी खोडलं. निळं फार झालं की माल लबाड दिसतो.

आणखी ता. क. ते प्रूफ तुझ्या माळ्यावरच्या खोक्यात आहे. काल फोनवर मी 'न बघता जाळून टाक' म्हणालो. तू नेहमीप्रमाणे माझं ऐकलं नसशील, तर ते कोरीनला पाठव. पत्ता मागे लिहिलाय. मला पाठवू नकोस.