चौदा कोऱ्या रकान्यांचा खुलासा

प्रति,
मा. शाळा निरीक्षक साहेब,
उज्जैन

विषय : चौदा दिवस गैरहजर धरले, ते मी हजर असल्याबाबत.
संदर्भ : आपली नोटीस दि. १४ नोव्हेंबर १९५६, पोच दि. १५.

महोदय,

१. मी भैरवगढच्या सरकारी कन्या शाळेत अकरा वर्षे पहिलीला शिकवते. नोटिशीत "कामाविषयी आस्था नाही, नव्या राज्याच्या यादीत नाव का ठेवावे, सात दिवसांत कळवा" असे आहे. घरात अंध सासूबाई आणि मी, दोघीच. साहेबांना मराठी येते असे ऐकले, म्हणून धीर करून मराठीत लिहिते. हे हिंदीत मला सांगवणार नाही.

२. आम्हा शिक्षिकांचे हजेरीबुक सरस्वतीच्या तसबिरीखाली कोनाड्यात असते. सकाळी पहिली मीच येते. बुकावर फूल वाहून, नमस्कार करून मग सही करते, आणि प्रार्थना होईपर्यंत पाणी घेत नाही. हा माझा नेम आहे.

३. पुढचे लिहिताना संकोच होतो, क्षमा असावी. महिन्यातून चार दिवस बायकांना दूर बसावे लागते. त्या दिवसांत मी शाळा चुकवत नाही, फक्त त्या बुकाला आणि वर्गाच्या हजेरीवहीला शिवत नाही. बाहेर ओट्यावर बसून एकेचाळीस मुलींचे पाढे घेते. आधीच्या मोठ्या बाई, माणिकबाई, पाचव्या दिवशी चारही सह्या करू देत. त्या जूनमध्ये निवृत्त झाल्या. नव्या बाई दहाच्या ठोक्याला लाल रेघ मारतात. म्हणाल्या, "सही नाही तर हजेरी नाही. सरळ रजा घ्या ना!" शाळेत झाडलोट करणारी दाई अहल्या तर ऐकवतेच, "बाईजी, भगवान तो माफ कर देंगे, सरकार नहीं करेगी." पण रजा कशी मागू? मी तर शाळेतच होते.

४. त्या दिवसांत मी ओट्यावरून नावे पुकारते आणि दुसरीच्या अंबिकाबाई माझ्या वर्गाची हजेरी लिहितात. त्या चौदाही दिवसांची पाने त्यांच्या अक्षरात आहेत. मी नव्हते, तर नावे पुकारली कोणी?

५. उद्या मुदत संपते. कालपासून मी पुन्हा ओट्यावर आहे आणि काल पंधरावी रेघ पडली. म्हणून आज सकाळी कोनाड्यापाशी गेले. फूल वाहिले नाही, नमस्कारही केला नाही. बुक उघडून सही केली. देवीला काय सांगायचे ते मी सांगेन. आपण मात्र ती सही पाहावी. अक्षर वाकडे आले आहे, म्हणून ती माझी नाही असे कोणी म्हणू नये.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून,
नम्र,
सुनंदा विष्णू मोघे
दि. २१ नोव्हेंबर १९५६

सोबत : पहिलीच्या हजेरीची चौदा पाने (नक्कल), अंबिकाबाईंच्या सहीसह.