इस्त्री केलेला टी-शर्ट

सोमवार, संध्याकाळ. मुलुंड.

माझा नवा टी-शर्ट दोरीवरून उडून खालच्या मजल्यावरच्या भाऊंच्या ग्रिलवर पडला. त्यावर जुन्या पोस्टरसारखं चित्र: तबकडीतून उतरलेला हिरवा परग्रहवासी हात जोडून मतं मागतोय. आणि भाऊ वॉर्डातले पुढारी. वाट लागली!

आई कायम सांगते, कपडे उलटे करून वाळत घाल, रंग उडतो. ऐकलं असतं तर चित्र आत राहिलं असतं ना?

भाऊ स्वतः वर आले. टी-शर्टला कडक इस्त्री, घडीवर बरोबर तो हिरवा चेहरा. हसत म्हणाले, "मस्त आहे गं. ऑफिस अंधेरीलाच ना अजून?"

ऑफिसचं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आणि इस्त्री कशाला केली?

आई चिडलीय. "एवढी इस्त्री करून आणून दिली त्यांनी. थँक्यू तरी म्हणायचंस!"