खटका पुढच्या बाजूला

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द फक्त कागदापुरता समज. माझ्या आठ अंगांपैकी सध्या मोजकीच माझं ऐकतात. कारण पुढे येईलच.) तू, वहिनी आणि मुलं मजेत असाल. वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी खुर्च्या फरफटवणंही थांबवलं असेल अशी आशा करतो. इकडे तुझी आई, म्हणजे माझी आत्या, ठणठणीत आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे मधला मजकूर वाचताना तू अर्ध्यावर उठून चपला शोधायला लागणार नाहीस. फोन न करता पत्र का, असं तुझ्या मनात आलं असेल. फोन आत्याच्या उशाशी असतो, आणि ती झोपलेली असली तरी तिचे कान जागे असतात.

तुझं पत्र पोचलं. आत्याने शिकंज्याची पेटी पुन्हा एकदा जरी उचलली, तरी रविवारी गाडी घेऊन येतो आणि तिला कायमची घेऊन जातो, असं तू लिहिलंस. 'कायमची'खाली रेघही मारलीस. (रेघ मारायची गरज नव्हती, मला वाचता येतं.) तुझी काळजी चूक आहे असं मी म्हणत नाही. मागे तिची कंबर धरली तेव्हा तिला कुशीवर मीच वळवत होतो. पण पुस्तकबांधणीतलं तुला ओ की ठो कळत नाही असं तिचं मत आहे, म्हणून एक गोष्ट समजावून सांगतो. शिकंजा म्हणजे पुस्तक दाबून धरायचं लोखंडी यंत्र. तो नसेल तर शिवलेलं पुस्तक पावासारखं फुगतं. वाचनालयं आपली जुनी पुस्तकं बाहेर देत नाहीत, तेव्हा आत्यालाच शिकंजा घेऊन तिकडे जावं लागतं. म्हणजे पेटी बंद झाली की काम बंद, आणि काम बंद झालं की आत्या दिवसभर खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चुका काढणार. तिला तुझ्या घरातल्या खिडकीत बसवायची तुझी तयारी असेल, पण वहिनींना एकदा विचारून बघ.

म्हणून मी ठरवलं की पेटी उचलायचीच नाही, तिला चाकं द्यायची. बाजारात सामानाच्या ट्रॉल्या मिळतात, हे मलाही माहीत आहे. (तू हेच म्हणणार, तुझा आवाज मला इथे ऐकू येतोय.) त्यातली एक आणली होती. पेटी ठेवल्याबरोबर तिने चारी बाजूंना पाय पसरले आणि पुन्हा उठली नाही. शिवाय आपल्या दारामागे एक छत्री मावते तेवढीच जागा आहे, तेव्हा ट्रॉली घडीची हवी. आता मी बसतो कपाटांच्या कारखान्यात. रोज दारांचे, बिजागऱ्यांचे आणि खणांचे नकाशे काढतो. ज्या माणसाला दार कुठल्या बाजूला उघडावं हे कळतं त्याला ट्रॉली कुठल्या बाजूला मिटावी हे कळायला काय हरकत आहे, असं मला वाटलं. अजूनही वाटतं.

नकाशा असा देखणा झाला की कारखान्यातल्या सगळ्यांना दाखवून आणला. खाली दोन चाकं, वर मूठ, आणि पेटी ठेवायची पाटी स्प्रिंगच्या जोरावर आपोआप वर मिटणारी. आत्याला वाकायची मनाई, म्हणून मिटवायचा खटका गुडघ्याच्या उंचीवर. गुडघ्याने जरा दाबलं की झाली घडी. खरी हुशारी अशी, की हा खटका पेटीच्या बाजूला होता. पेटी ठेवलेली असेपर्यंत तो तिच्याआड झाकलेला राहणार आणि चुकूनही कुणाचा गुडघा लागणार नाही. मी नकाशावर स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'खटका पुढच्या बाजूला', आणि कागद वेल्डरकडे दिला. बघ दादा, एवढ्या तीन शब्दांत काय चुकायचं होतं?

ट्रॉली तयार होऊन आली ती खटका ओढणाऱ्याच्या बाजूला घेऊन. मी वेल्डरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, पुढची बाजू. मी म्हटलं, ट्रॉली ढकलली की सामान पुढे असतं, तेव्हा सामानाची ती पुढची बाजू. त्याचं म्हणणं, ढकलायला ती काय बाळाची गाडी आहे, ट्रॉली ओढतात, आणि ओढणारा पुढे असतो. शब्दाने शब्द वाढला. शेजारच्या सायकलवाल्याला पंच नेमलं, तर त्याने विचारलं की उभी असताना तिची पुढची बाजू कोणती, आणि आम्ही तिघंही तिच्याभोवती फेऱ्या मारायला लागलो. नवा खटका बसवायला वेल्डरला वेळ हवा होता, आणि आत्याला तर दुसऱ्याच दिवशी वाचनालयात हजर व्हायचं होतं. एक अख्खी खोली भरून पुस्तकं बांधायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. ते हातचं गेलं असतं तर पुढे कुणी बोलावलं नसतं. काम सुटलं की तू आयताच जिंकणार होतास, हे मला दिसत होतं.

मग मी घरातलाच एक दोरा घेऊन खटका घट्ट बांधून टाकला. गाठ माझ्या मते चांगली होती. दगाफटका नको म्हणून गुडघे न वाकवता चालायची सवयही केली, आणि बाहेरच्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. आत्याने दोनदा विचारलं की पँट आखूड झाली आहे का.

वाचनालयापर्यंत काही म्हणता काही झालं नाही. ट्रॉली रस्त्याने अशी निमूट येत होती की मी वाटेत ओळखीच्यांना थांबवून दाखवत होतो. आत्या मागून मोकळ्या हातांनी चालत होती. दादा, तिला मोकळ्या हातांनी चालताना मी पहिल्यांदाच बघितलं. हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं, शेवटी तिने ते पाठीमागे बांधले. मला फार बरं वाटलं.

पुस्तकांची खोली निघाली वरच्या मजल्यावर. जिना अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा, आणि तो निघतो थेट वाचनकक्षातून. तिथे शांततेच्या पाट्या जागोजागी लावलेल्या आहेत आणि ग्रंथपालबाई स्वतः त्या पाट्यांपेक्षा कडक आहेत. पेटी खाली राहू दे, पुस्तकं खाली आणून द्या, असं मी सुचवून पाहिलं. पुस्तक मजला सोडणार नाही, असं त्यांनी कुजबुजत सांगितलं. त्यांचं कुजबुजणंही दटावल्यासारखं असतं. तेव्हा मी ट्रॉलीकडे तोंड करून, उलटा, एकेक पायरी वर चढत तिला ओढू लागलो. आत्याला मी लांब उभं राहायला बजावलं होतं. ती पेटीच्या बरोबर खाली येऊन उभी राहिली. नुसता आधाराचा हात, म्हणाली.

जिन्याच्या मध्यावर मला दोन गोष्टी एकदम कळल्या. गुडघा न वाकवता जिना चढता येत नाही, ही पहिली. दुसरी गोष्ट मी खाली पाहिलं तेव्हा कळली. खटक्यावर दोरा नव्हता. मी पाहतोय हे बघून आत्याने खालून हळूच सांगितलं की तिचा मेण लावलेला चांगला दोरा कुणीतरी नुसता लोखंडाला गुंडाळून ठेवला होता, तो तिने निघताना सोडवून पिशवीत ठेवलाय. खटका माझ्या गुडघ्यापासून एवढासा लांब. पाय वर घेतला तर गुडघा लागणार, खाली घेतला तर पेटी खाली जाणार, आणि तसंच उभं राहावं तर हात भरून आले होते. खाली आत्या, आणि तिच्या डोक्याच्या वर तो सगळा लोखंडी शिकंजा.

ओरडायची सोय नव्हती. मी कुजबुजत तिला बाजूला व्हायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. खालच्या टेबलांवरची माणसं पुस्तकांतून मान वर काढून कुजबुजत सल्ले द्यायला लागली. वर एक गृहस्थ येऊन उभे राहिले, त्यांना खाली जायचं होतं, आणि ते अत्यंत सभ्यपणे माझ्या पाठीशी श्वास घेत होते. एवढ्यात पेटीमागून आत्या म्हणाली,

"थांबू नकोस. पुढे घे."

माझं तोंड जिन्याखाली होतं, दादा. माझं पुढे म्हणजे खाली. मी पुढे घेतली.

खटक्याचा आवाज मी जन्मात विसरणार नाही. पाटी स्प्रिंगने उसळून पेटीला खालून धडकली, मूठ माझ्या पोटात आली, सगळं धूड घसरलं. मला आत्या दिसत नव्हती. पेटीच्या वर तिचं डोकं दिसायला हवं होतं, तिथे काहीच नव्हतं. मी घाबरलो. तुझ्यासमोर कबूल करायला लाज वाटत नाही, इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. मग धाडकन आवाज झाला, ट्रॉली भिंत आणि कठड्याच्या मध्ये आडवी अडकली आणि थांबली. (रुंदी मी विचार करूनच ठेवली होती. ऐन वेळी रचनेनेच सगळं सावरलं, हे तुझ्या लक्षात आणून देतो.) ग्रंथपालबाईंनी सवयीने ओठांवर बोट ठेवलं. आणि कठड्यापाशी खाली वाकलेली आत्या सरळ होत म्हणाली,

"पेटीचं झाकण उघडलं नाही ना?"

पुढचं थोडक्यात सांगतो. वरची माणसं वर अडकली, खालची खाली. मीही वरच्यांत होतो. वेल्डरला बोलावलं. त्याने आल्याआल्या जिन्याखाली उभं राहून मला विचारलं की इथून पुढची बाजू कोणती. आम्ही बराच वेळ कुजबुजत भांडलो. ठिणग्या उडवायची परवानगी नव्हती, म्हणून त्याने करवतीने ट्रॉली कापली, आणि त्या शांततेत तो आवाज सगळ्यांनी खाली मान घालून सोसला. पेटी काही वर गेली नाही. शेवटी ग्रंथपालबाईंनीच हात टेकले आणि जिन्याखालची खोली उघडून दिली. आता पुस्तकं मजला सोडतात, आत्या रोज मोकळ्या हातांनी जाते आणि येते, शिकंजा तिथेच राहतो. थोडक्यात, पेटी उचलायचा प्रश्न मिटला आहे. तुझ्या अटीप्रमाणे तिने ती उचललेलीही नाही, नुसता हात लावला होता. तेव्हा रविवारी तू येण्याचं काही कारण उरलेलं नाही. गाडी दुरुस्तीला टाक, कधीपासून टाकायची म्हणत होतास.

वहिनींना नमस्कार, मुलांना खूप खूप प्रेम.

तुझा,
मामेभाऊ

ता. क. सुरुवातीला माझ्या अंगांबद्दल लिहिलं, ते वाचून तू हसला असशील. अडकलेली ट्रॉली सोडवायला मीच पहिला वाकलो आणि तसाच राहिलो. कंबर धरली आहे ती माझी. मला वाचनालयातल्या एका लांब टेबलावर घालून खाली आणलं. सध्या आत्या मला कुशीवर वळवते, जेवण उशाशी ठेवते आणि मग कामाला जाते. हा मजकूर वरही घालता आला असता, पण मग तू बाकीचं वाचलं नसतंस.

ता. क. २. खरं सांगायचं तर एवढं लांबण मी एका वाक्यासाठी लावलं आणि ते अजून लिहिलंच नाही. तिला नेऊ नकोस. तिच्या कामाचं मी जे काही वर लिहिलं ते खरं आहे, पण त्याच्यापेक्षा खरं असं की मी या घरात शिकायला म्हणून आलो तो अजून इथेच आहे, आणि ती गेली तर संध्याकाळी दार उघडल्यावर कुणाला हाक मारायची ते मला माहीत नाही. तुझी ती आई आहे, माझं काय बोलायचं. तरी लिहिलं. पाकीट चिकटवायला आत्याकडेच देतोय, मला उठता येत नाही. ती दुसऱ्यांची पत्रं वाचत नाही.

चिरंजीवास आईचे आशीर्वाद. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. जिन्यावरचं सगळं बरोबर लिहिलंय, एवढंच सोडून की ट्रॉली आपोआप अडकली नाही. पेटी खाली येत होती आणि मूठ सोडायचं न सुचल्यामुळे हाही तिच्यामागे येत होता. मी पेटी उचलली आणि कठड्याला टेकवली. आधाराचा हात नव्हता, चांगली उचलली. कंबरेला काही झालेलं नाही. पण तुझी अट मोडली, तेव्हा रविवारी तुला यायला हवं. ये. गाडी मोठी आणू नकोस, मी कुठे येणार नाही. गेल्या खेपेला तू मला न्यायला आला होतास, त्याच्या आधी आलास तेही न्यायलाच. दारातूनच सामान बांध म्हणालास, चहासुद्धा उभ्याने घेतलास. या खेपेला नुसता ये. बस, जेव, दोन दिवस राहा.