आधी आपला खिसा

आप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आता कुठं मला तुमच्यासारखी नजर आली आहे. कुणी गोड हसलं की आधी मी त्याचे हात बघते. धाराशिवच्या कॉलेजात मी मराठी शिकवते, तिथंच आणखी एक काम गळ्यात पडलंय. पोरापोरींनी सिगारेट आणि ते वेप नावाचं नवं खूळ सोडावं म्हणून रोज सकाळी मोबाइलवर एक संदेश टाकायचा. 'मॅडम, तुमचं मराठी चांगलं, तुम्हीच लिहा,' म्हणून प्राचार्यांनी माझ्यावर ढकललं. वेप म्हणजे पेनाएवढी नळी. काडीपेटी नको, राख नको, आणि धुराला वास फळाचा. बंदी आहे म्हणे, पण मिळते. मी लिहिते, चित्र जोडते, आणि पाठवल्या पाठवल्या लाल बदाम यायला लागतात. तिथंच मला शंका येते. अहो, वाचायला तरी वेळ लागतो की न्हाय? आणि सगळ्यात पहिला बदाम कुणाचा, तर माझ्याच लेकीचा. ती त्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. जन्मात माझं एक वाक्य धड न ऐकलेली पोर माझ्या उपदेशाला रोज बदाम देते, हे मला पचावं तरी कसं?

तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यात तुम्ही गेटावर होता. सकाळी माणसं आत शिरताना एकेकाचा खिसा उलटा करायचा, विडी, काडीपेटी, निघेल ते पत्र्याच्या डब्यात टाकायचं आणि संध्याकाळी ज्याचं त्याला परत द्यायचं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तुमची भाकरी घेऊन येते, गेटाशी थांबते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या फ्रॉकचा खिसा उलटा करता. दोन चिंचोके खाली पडतात. बाया हसतात, मी भोकाड पसरते. 'रडायला काय झालं? फटाक्याच्या दारूला नातं कळत न्हाय. हितं समद्यांचा खिसा बघायचा,' तुम्ही म्हणता. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. आईजवळ बसून तुमच्या नावानं बोटं मोडत होते.

यंदा माघात घरात आंब्याचा वास यायला लागला. माघात कुठला आंबा हो? लेकीच्या खोलीत जावं तर उदबत्ती लावलेली. देवाला कधी हात न जोडणारी पोर उदबत्ती लावते म्हटल्यावर माझी खात्रीच पटली. एका रविवारी ती अंघोळीला गेली आणि मी तिची बॅग उपसली. वह्यांखाली, मोज्यात गुंडाळलेली, ती नळी सापडली. तुमचा तो शेवटचा खोकला आठवला, उशाशी भांडं घेऊन बसून राहायचात ते. ही तर अजून विशीतली. तेवढ्यात ती ओल्या केसांनी दारात उभी.

"आई, माझी बॅग?"

"हे काय आहे?"

"दिसतंय की."

"आणि रोज मला बदाम पाठवतीस! लाज न्हाय वाटत?"

"तुला वाटती का? तांदळाच्या डब्यामागं मिसरी कुणाची हाय? सकाळी मोरीपाशी उभी राहून, तोंडात एक बोट घालून, दुसऱ्या हातानं मेसेज लिहितीस. मला काय दिसत न्हाय व्हय?"

थोबाडीत द्यायला उचललेला माझा हात तसाच राहिला. भाजलेल्या तंबाखूची ती पूड आईनंच मला लावायला शिकवली होती, दाढ दुखायची म्हणून. दाढ कधीच काढली, मिसरी राहिली. तिला तंबाखू म्हणून मी कधी धरलंच नव्हतं, आप्पा. खरंच.

मग तुमचं गेट पुन्हा आठवलं. पहिल्या माणसाला हात लावायच्या आधी तुम्ही स्वतःचा खिसा उलटा करायचात, सगळ्यांसमोर. डब्यात सगळ्यात खाली तुमचंच विडीचं बंडल असायचं. मी ते कितीदा बघितलं होतं, आणि लक्षात ठेवला फक्त माझा फ्रॉक. बिस्किटांचा एक रिकामा डबा मी फ्रिजवर ठेवला आणि तिच्यादेखत मिसरीची डबी त्यात टाकली. दुसऱ्या दिवशी संदेशात लिहिलं, 'मी रोज मिसरी लावायचे. काल सोडली.' चित्र नाही, काही नाही. बदाम मोजकेच आले, लेकीचा तर नाहीच. पण एका मुलीनं विचारलं, 'मॅडम, सोडल्यावर डोकं दुखतंय का?' माझं लिहिलेलं पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं होतं. 'लई दुखतंय,' असं मी तिला कळवलं. तिसऱ्या दिवशी नळी डब्यात होती.

आता घरात आंब्याचा वास येत नाही. तरी लेक बाहेर निघाली की माझी नजर तिच्या बॅगेकडं जाते. हिच्याकडं दुसरी असंल का? आणि रागावू नका आप्पा, पण हल्ली मला तुमचाही संशय येतो. खिसा तर उलटा करायचात, पण पटक्यात दुसरं बंडल कधी नव्हतं ना? हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून विचारायचं धाडस करते. असलं डोक्यात यायचं कारण एवढंच, की डब्यात मी एकच डबी टाकली. दुसरी कपाटात, साड्यांच्या घडीखाली आहे. हे लिहायला बसायच्या आधी तिथंच जाऊन आले.