अथानासिओस नरेंद्र पेंढारकर

शुगर लँड, टेक्सास
२ सप्टेंबर १९८४

तीर्थस्वरूप सुमित्राअक्का,

धाकट्या भावाचा नमस्कार. तुझे गुडघे आणि अण्णांचा राग, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (गुडघ्यांचं सावकाश कळव, रागाचं आधी कळव.)

मुलगा झाल्याची तार मिळालीच असेल. नाव ठेवायचा मान आत्याचा, हे मी विसरलेलो नाही. पण इथे जन्माचा फॉर्म हॉस्पिटलातच भरून घेतात. घोळ तिथेच झाला, तो बसून वाच.

शरयूला दोन महिने आधीच कळा सुरू झाल्या. हायवेवर पाणी साचलेलं, त्यात आमची गाडी बंद पडली. मी बॉनेट उघडून इंजिनाकडे बघत उभा राहिलो. (केमिकल इंजिनियरला त्यातलं किती कळतं, ते तू जाणतेसच.) तेवढ्यात एक पावाची व्हॅन थांबली. पांढऱ्या मिशांचा एक ग्रीक बेकरीवाला उतरला, काही न विचारता त्याने शरयूला पावांच्या ट्रेशेजारी बसवलं आणि व्हॅन हाणली. पोचल्यावर वीस मिनिटांत बाळ झालं. साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोच्या जरासं वर.

त्याला लगेच काचेच्या पेटीत ठेवलं. नर्सने येऊन नाव विचारलं. मला वाटलं, आम्हाला घेऊन आलेल्या माणसाचं विचारतेय, म्हणून मी सांगितलं, अथानासिओस. तिने ते बाळाच्या नावापुढे लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी ते बदलून घ्यायला निघालो, तर हे गृहस्थ मधाचा केक घेऊन दारात उभे. नर्सकडून त्यांना कळलं होतं. त्यांच्यात नातवाला आजोबांचं नाव देतात. पण यांना तीन मुली, मुलींनाही मुलीच, त्यामुळे हे नाव यांच्यापाशीच थांबणार होतं. डोळे पुसत त्यांनी शरयूला अर्थ सांगितला : ग्रीकमध्ये थानातोस म्हणजे मृत्यू, आणि आधीचा अ म्हणजे नाही. म्हणजे आपल्या 'अमर'मधलाच अ की गं. घरी मात्र त्यांना थानासी म्हणतात, नेमका अ गाळून.

शरयू एवढंच म्हणाली, "आपल्याकडे कुणी अ गाळायचा नाही. आणि बाळ पेटीतून बाहेर येईपर्यंत नाव बदलायचं नाही."

मग मी रोज ऑफिसातून थेट तिथे. पेटीच्या गोल झरोक्यातून हात घालायचा आणि एक बोट त्याच्या तळहातावर ठेवायचं. मूठ वळायचीच नाही. एकविसाव्या दिवशी वळली ती सुटेना. बेकरीवाले काका (शरयूने त्यांना काका करून टाकलंय, तेही ओ देतात) शेजारी होते. त्यांनी छातीवर क्रूस काढला, मी गणपतीचं नाव घेतलं. काल बाळ घरी आलं. साडेपाच पौंड, आवाज थेट अण्णांचा.

तुझा,
नरेंद्र

ता. क. अण्णांनी त्यांच्या वडिलांचं जगन्नाथ हे नाव ठरवून ठेवलं होतं. तेव्हा हे सगळं त्यांना तूच सांग. ऐकू कमी येतं, तर 'अथनाथ' म्हणून बघ, जगन्नाथाच्या जवळपास जातं. हाक मारायचं नाव तू ठेव, फक्त अ-वरून असू दे.

ता. क. २. नर्सची चूक नव्हती. तिने "बाळाचं नाव काय?" असं स्वच्छ विचारलं होतं. नाव बदलायला मी कधी निघालोही नव्हतो. शरयू कण्हत होती तेव्हा मला धीर यावा म्हणून काका व्हॅन चालवता चालवता काहीबाही बोलत होते, त्यातच त्यांनी अर्थ सांगितला होता. पेटीतलं ते एवढंसं पाहिल्यावर मला दुसरं कुठलंच नाव सुचेना. हे अण्णांना सांगू नकोस. शरयूलाही अजून मी सांगितलेलं नाही.