पळवलेल्या नवरीला सोडवणार कोण?

हिंटरत्सेल, ५ मे २००१

चि. कोर्बिनियानास अनेक आशीर्वाद.

९ जूनला मी पोस्टमन वेंडेलिनशी लग्न करतेय. साक्षीदार तू. इथल्या रीतीप्रमाणे त्याची मित्रमंडळी मला लग्नाच्या जेवणावरून पळवून एखाद्या खानावळीत नेतील. तू खानावळी धुंडाळून, त्यांच्या बियरचं बिल भरून मला सोडवायचंस. तुला मी वाढवलंय, या कामाला दुसरं कुणी चालणार नाही.

बाकी, पाद्रीबाबांची दाढ दुखतेय, तरी प्रवचन आखूड होत नाही. शेजारच्या क्रेसेंत्सची बकरी पुन्हा माझ्या मुळ्याच्या वाफ्यात शिरली. वर तीच म्हणते, कुंपण नीट घाला! लोकरीचे मोजे पाठवलेत. पायाला होतात का, कळव.

तुझी नोट्बुर्गाआत्या

म्युनिक, १४ मे

ती. आत्यास सा. न. वि. वि.

मोजे अगदी बरोबर होतात.

माझं मात्र काही खरं नाही. मी संगणकावर शिकवतोय ते न्यूरल नेटवर्क एकेक अक्षर वाचत जातं. शंभर अक्षरं झाली की त्यानं पहिलं सांगायचं, एवढंच काम. पठ्ठ्याला शेवटची दोन-तीन आठवतात, पहिलं साफ विसरतो. चूक दाखवावी, तर ती मागे पहिल्या अक्षराशी पोचेपर्यंत पाणी घातलेल्या सुपासारखी पातळ होते. असा बिनडोक विद्यार्थी कुणाच्या वाट्याला येऊ नये! जूनभर इथून हलत नाही.

लोभ मोज्यांतून असाच येऊ दे.

कोर्बिनियान

हिंटरत्सेल, १९ मे

चि. कोर्बिनियानास आशीर्वाद, जरा कमीच.

बिनडोक विद्यार्थी मलाही मिळालाय. त्याला मोजे होतात. माझं मागचं पत्र काढ आणि पहिली ओळ वाच. रडू आलं रे मला. वेंडेलिन म्हणाला, दुसरा साक्षीदार बघू. मी म्हटलं, मग मी खानावळीतच बसून राहीन.

आत्या

म्युनिक, २३ मे

ती. आत्यास कान धरून सा. न.

येतोय! पत्र पुन्हा वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. बकरीपर्यंत पोचलो आणि लग्न विसरलो. म्हणजे यंत्राचाच रोग मला.

त्याच्या आठवणीच्या कप्प्याला जुनं बाहेर टाकायचं एक दार असतं. मी ते सुरुवातीलाच अर्धं उघडं ठेवत होतो. दर अक्षराला थोडी आठवण गळायची. आता आधी लावूनच ठेवलं. कधी उघडायचं ते त्यानं शिकावं. काल त्यानं शेवटी पहिलं अक्षर बरोबर सांगितलं. मी तुझ्या मोज्यांत नाचलो.

होणाऱ्या आतोबांना नमस्कार. राग ओसरला की लोभ पूर्ववत करावा.

कोर्बिनियान

हिंटरत्सेल, ११ जून

चि. कोर्बिनियानास पोटभर आशीर्वाद.

तू खानावळीच्या दारात दिसलास आणि माझ्या जिवात जीव आला. बिल भरलंस, मला गाडीत घातलंस, थेट मांडवात आणलंस. फक्त माझा शोध घ्यायला तुझ्याबरोबर आलेला नवरदेव तिथेच विसरलास. बिचारा कुणाची तरी सायकल मागून आला.

असू दे. पहिलं माणूस शेवटपर्यंत लक्षात राहिलं, मला तेवढं पुरे.

तुझी आत्या